फ्लास्कमधलं दूध संकलनाचं अ‍ॅप वाढलं, आता जांगोत नव्यानं लिहावं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी तुम्ही फ्लास्कमध्ये (पायथन भाषेत वेबची कामं लिहायच्या तयार सांगाड्यात, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये) अ‍ॅप लिहिलं. एकच फाइल, साधारण १,४०० ओळी, डेटाबेस एसक्यूलाइट, म्हणजे सगळा डेटा एकाच फाइलमध्ये. केंद्रातल्या विंडोज कॉम्प्युटरवर ते वर्षभर नीट चाललं. आता शेजारच्या दोन गावांची केंद्रंही तेच वापरू म्हणतात आणि तिथून कटकटी सुरू झाल्या. दोघांनी एकदम नोंद घातली की कधीकधी डेटाबेसची एरर येते. एका केंद्राचं नाव दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसतं. पहाटेच्या काही नोंदी आदल्या तारखेला पडतात. मित्र म्हणतात, फ्लास्क म्हणजे खेळणं, पायथनच्याच जांगो या मोठ्या फ्रेमवर्कमध्ये नव्यानं लिहून काढ.

नका लिहू. बारा वर्षं मी फ्लास्कवर काम करतोय, जांगोवरही भरपूर केलंय. तुमच्या तीन अडचणींपैकी जांगोत गेल्यानं एक सुटेल, एक सेटिंग बदलल्यावर सुटेल, आणि तिसरी तशीच तुमच्याबरोबर येईल. शिवाय दूध दिवसातून दोनदा येतं, त्याला सुट्टी नसते. चालू अ‍ॅप बाजूला ठेवून दोन-तीन महिने नवं लिहीत बसणं तुम्हाला परवडणार नाही.

आधी फ्लास्कमध्ये आहे काय ते स्पष्ट करून घेऊ, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पायथनच्या जगात २००३ साली डब्ल्यूएसजीआय नावाचा एक करार ठरला. वेब सर्व्हरनं रिक्वेस्टची माहिती एका डिक्शनरीत भरून तुमच्या फंक्शनला हाक मारायची आणि फंक्शननं उत्तर परत द्यायचं, इतकाच त्याचा गाभा. ऑस्ट्रियाचे आर्मिन रोनाखर यांनी या करारावर काम सोपं करणारी वेर्कत्सॉइग ही लायब्ररी आणि जिंजा हे टेम्प्लेटचं, म्हणजे पानाच्या साच्यात माहिती भरणारं, इंजिन आधीच लिहिलेलं होतं. १ एप्रिल २०१० ला त्यांनी ही दोन्ही एका फाइलमध्ये कोंबून ‘डिनाइड’ नावाचं एक फ्रेमवर्क गंमत म्हणून जाहीर केलं. एप्रिल फूलच होतं ते, पण लोकांना मनापासून आवडलं आणि त्याच महिन्यात फ्लास्कची पहिली आवृत्ती आली. नावसुद्धा आधीच्या ‘बॉटल’ या एकाच फाइलमधल्या फ्रेमवर्कवरून सुचलेलं. म्हणजे फ्लास्क हा या दोन भक्कम लायब्रऱ्यांना जोडणारा पातळ थर आहे. यूआरएलवरून योग्य फंक्शन शोधणं, रिक्वेस्ट हाताशी देणं, टेम्प्लेट भरणं, सही केलेली कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी छोटी नोंद) ठेवणं, एवढं तो करतो. डेटाबेस कोणता, कनेक्शन कधी उघडायचं, लॉगिन कसं, फाइली कशा लावायच्या, यावर तो गप्प राहतो.

तो गप्प आहे याचा अर्थ ते निर्णय तुमचे आहेत. एका कॉम्प्युटरवर एकच माणूस बसतो तोवर ते न घेताही चालतं. तुमच्याकडे आता तीन केंद्रं झाली आणि न घेतलेले निर्णय वर आले, एवढंच घडलंय.

डेटाबेसच्या एररपासून सुरू करू. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की फाइलच्या माथ्यावर तुम्ही एसक्यूलाइटचं कनेक्शन एकदाच उघडलंय आणि सगळीकडे तेच वापरताय. तसं केल्यावर पायथन पहिल्याच रिक्वेस्टला अडवतो, कारण ज्या थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यात) कनेक्शन उघडलं त्याच थ्रेडमध्ये ते वापरा असा त्याचा नियम आहे. फ्लास्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर तर १.० आवृत्तीपासून प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतो. तेव्हा कुठेतरी उत्तर वाचून तुम्ही ‘चेक सेम थ्रेड’ला फॉल्स केलं असणार. एरर गेली, पण धोका राहिला. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्का किंवा एकत्र रद्द होणारा बदलांचा गठ्ठा, हे कनेक्शनला बांधलेलं असतं. दोन केंद्रांच्या नोंदी एकाच कनेक्शनवरून जात असतील, तर एकानं कमिट केलं की दुसऱ्याची अर्धवट नोंदही पक्की होते, आणि एकानं रोलबॅक केलं की दुसऱ्याची चांगली नोंद पुसली जाते. कोणाच्या तरी चार लिटर दुधाचा हिशोब गायब होतो आणि लॉगमध्ये त्याची खूणही उरत नाही. तुमची सगळ्यात गंभीर अडचण हीच आहे. एरर दिसते तेव्हा तुम्हाला कळतं तरी. दिसत नाही तेव्हा शेतकऱ्याचे पैसे जातात.

उपाय जुना आणि सोपा आहे. प्रत्येक रिक्वेस्टसाठी स्वतंत्र कनेक्शन उघडायचं, ते फ्लास्कच्या ‘जी’ या वस्तूत ठेवायचं आणि ‘टीअरडाउन अ‍ॅपकाँटेक्स्ट’ या डेकोरेटरखालच्या फंक्शनमध्ये बंद करायचं. वीसेक ओळींचं काम आहे. कनेक्शन उघडताना फॉरेन कीची तपासणी (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या ज्या नोंदीकडे बोट दाखवते ती खरंच आहे ना) चालू करा, एसक्यूलाइटमध्ये ती मुळात बंद असते आणि दर कनेक्शनला चालू करावी लागते. डेटाबेस एकदाच ‘वॉल’ मोडमध्ये (नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) टाका, म्हणजे कोणी बिलाचा रिपोर्ट काढत असताना नोंद अडणार नाही. लिहिणारा एका वेळी एकच, ही एसक्यूलाइटची मर्यादा राहतेच, पण दुसरा लिहिणारा पायथनमध्ये मुळात पाच सेकंद थांबतो आणि तुमची एक नोंद काही मिलिसेकंदांत संपते. तिन्ही केंद्रं मिळून ६०० सभासद धरले तरी दोन वेळच्या मिळून दिवसाला १,२०० नोंदी. एसक्यूलाइटला हे काम काहीच नाही, पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसची घाई नको. फक्त एक करू नका: डेटाबेसची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तीन कॉम्प्युटरवरून उघडू नका. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये वॉल मोड चालत नाही आणि फाइल खराब झालेली मी पाहिली आहे. डेटाबेसला हात एकाच मशीनवरच्या अ‍ॅपनं लावायचा, बाकी केंद्रांनी ब्राउझरमधून यायचं.

आता एकाचं केंद्र दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसण्याबद्दल. ‘चालू केंद्र’ नावाचं ग्लोबल (सगळ्या प्रोग्रॅमला एकच असलेलं) व्हेरिएबल तुमच्या कोडमध्ये नक्की आहे. लॉगिन झालं की तुम्ही त्यात नाव ठेवता, पुढच्या पानावर तिथूनच वाचता. तो व्हेरिएबल सगळ्या थ्रेडमध्ये सामायिक आहे, त्यामुळे शेवटी ज्यानं लॉगिन केलं त्याचं नाव सगळ्यांना दिसतं. जांगोतही असा व्हेरिएबल ठेवला तर अगदी हेच होईल.

मी स्वतः ही चूक वेगळ्या रूपात केली आहे. एका कामात टोकनचा पुढचा नंबर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. माझ्या लॅपटॉपवर चोख चाललं. लिनक्स सर्व्हरवर गुनिकॉर्न या वेब सर्व्हरच्या चार प्रोसेस लावल्या आणि चारही प्रोसेसनी आपापलं मोजायला सुरुवात केली, कारण प्रोसेसमध्ये मेमरी सामायिक नसते. एकाच नंबराची टोकनं घेऊन चार माणसं खिडकीपाशी उभी होती. थ्रेडमध्ये ग्लोबल गोष्ट नको तिथे वाटली जाते, प्रोसेसमध्ये हवी तिथे वाटली जात नाही. म्हणून एका रिक्वेस्टपलीकडे जे टिकायला हवं ते डेटाबेसमध्ये किंवा सेशनमध्ये (लॉगिन केलेल्या प्रत्येकाच्या वेगळ्या माहितीत) ठेवायचं. हा नियम मी त्यानंतर एकदाही मोडलेला नाही.

इथे साहजिक प्रश्न येतो: मग फ्लास्कचा ‘रिक्वेस्ट’ तरी ग्लोबल कसा? तो आपण वर एकदा इम्पोर्ट करतो आणि कुठल्याही फंक्शनमध्ये वापरतो. ‘आई’ हा शब्द सगळ्या घरांत एकच आहे, पण ज्या घरात हाक मारली त्या घरातलीच आई ओ देते. फ्लास्कचे ‘रिक्वेस्ट’, ‘सेशन’, ‘जी’ आणि ‘करंट अ‍ॅप’ हे तसे शब्द आहेत. त्यांच्यात स्वतःचं काही नसतं. प्रत्येक वापराच्या वेळी ते चालू रिक्वेस्टच्या घरात डोकावून तिथली वस्तू देतात. आतून हे पायथनच्या काँटेक्स्ट व्हेरिएबल्सवर चालतं. आणि भर रस्त्यात, कुठल्याच घरात नसताना हाक मारली, तर कोणी ओ देत नाही. ‘वर्किंग आउटसाइड ऑफ अ‍ॅप्लिकेशन काँटेक्स्ट’ ही नवशिक्यांना छळणारी एरर म्हणजे नेमकी ती हाक. रात्री बिलं काढणारी वेगळी स्क्रिप्ट लिहाल तेव्हा ती भेटेलच. तिथे ‘विथ अ‍ॅप डॉट अ‍ॅप काँटेक्स्ट’ असं घर उभं करून मग काम करा. त्याहून बरं म्हणजे बिलाची स्क्रिप्ट फ्लास्कची कमांड म्हणून नोंदवा, घर आपोआप मिळतं.

तेव्हा चालू केंद्राचा आयडी सेशनमध्ये ठेवा. पण फ्लास्कचं सेशन म्हणजे काय ते समजून ठेवा, ते मुळात सर्व्हरवर नसतंच. सगळी माहिती कुकीत भरून, गुप्त कीनं सही करून, ब्राउझरकडे जाते. सही असल्यानं कोणी ती बदलू शकत नाही, पण वाचू कोणीही शकतं, कारण ती एन्क्रिप्ट केलेली नसते. म्हणून तिथे फक्त आयडी. बँक खात्याचा नंबर, आधारचा नंबर कधीही नाही. ती गुप्त की कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकलीत तर कोणीही स्वतःला अध्यक्ष म्हणून लॉगिन करून घेईल. उलट अ‍ॅप सुरू होताना दर वेळी नवी रँडम की बनवलीत तर रीस्टार्टनंतर सगळे लॉगआउट होतील, आणि अनेक प्रोसेस असतील तर लोक पानागणिक बाहेर फेकले जातील. एकदाच बनवा आणि कोडबाहेरच्या फाइलमध्ये ठेवा.

पहाटेच्या नोंदींचं कोडं मला आवडलं, कारण ते फक्त आपल्याकडच्या दूधवाल्यांना पडू शकतं. एसक्यूलाइटचा ‘करंट टाइमस्टॅम्प’ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतो, मशीनचं घड्याळ काहीही दाखवो. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० वाजेपर्यंत यूटीसीत आदलाच दिवस चालू असतो. ५:१० ला दूध घातलेल्याची नोंद कालच्या तारखेला जाते, ५:४० ला घातलेल्याची आजच्या. दहा दिवसांचं बिल काढताना पहिल्या दिवशीचे पहाटेचे लोक मागच्या बिलात सरकतात. यावर वेळेत साडेपाच तास मिळवत बसू नका. संकलनाची तारीख आणि सकाळ-संध्याकाळची पाळी हे दोन स्वतंत्र कॉलम करा, कारण हिशोबाची तारीख हा व्यवहार आहे आणि नोंद कधी झाली हा तपशील. तारीख काढताना पायथनच्या झोनइन्फोमधून ‘एशिया/कोलकाता’ घ्या. विंडोजवर त्यासाठी टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं घालावं लागतं. जाता जाता, पैसे पैशांत म्हणजे पूर्णांकात साठवा आणि दराचं गणित डेसिमलमध्ये करा. पायथनचा राउंड २.५ चा २ करतो आणि केंद्रावर कोणी ते ऐकून घेणार नाही.

तिन्ही अडचणी इथे संपल्या. आता तुम्ही न विचारलेलं, पण तीन केंद्रांना द्यायच्या आधी करायलाच हवं असं.

डीबग मोड बंद. यात चालढकल नको. वेर्कत्सॉइगचा डीबगर एरर आली की ब्राउझरमध्येच पायथनचा कन्सोल उघडून देतो. घरी ते वरदान आहे, उघड्या इंटरनेटवर मात्र तुमच्या मशीनची किल्ली परक्याच्या हातात. आता त्याला पिन लागतो, पण त्या पिनच्या भरवशावर राहू नये. २०१५ साली पॅट्रिऑन या कलाकारांना वर्गणी देण्याच्या साइटवरची माहिती चोरीला गेली, तेव्हा साइटची एक डीबग आवृत्ती लोकांना उघडी राहिली होती हे त्यांनी स्वतः सांगितलं. डेव्हलपमेंट सर्व्हरही सोडा. तुमचं मशीन विंडोज आहे, तिथे गुनिकॉर्न चालत नाही, वेट्रेस हा सर्व्हर घ्या. तो शुद्ध पायथनमध्ये आहे आणि मुळात चार थ्रेडवर चालतो, तुम्हाला तेवढे पुरतील. इंटरनेटवरून वापर होणार असेल तर पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि एचटीटीपीएस हवंच.

फॉर्मसाठी सीएसआरएफचं (परक्या साइटनं तुमच्या लॉगिनचा फायदा घेऊन फॉर्म पाठवण्याविरुद्धचं) संरक्षण फ्लास्कमध्ये नसतं, फ्लास्क-डब्ल्यूटीएफ घालून चालू करा. टेम्प्लेटमध्ये जिंजा नावं आपोआप एस्केप करतो, म्हणजे नावात घुसवलेला कोड चालू देत नाही, पण तुम्ही जिथे एफ-स्ट्रिंगनं एचटीएमएल जोडून परत पाठवताय तिथे नाही. ती ठिकाणं शोधून टेम्प्लेटमध्ये हलवा.

मराठीत काम करणाऱ्यांना लागणारे दोन खड्डे इंग्रजी माहितीत सहसा सापडत नाहीत. अपलोड केलेल्या फाइलचं नाव ‘सिक्युअर फाइलनेम’ मधून गाळून घ्या असं सगळीकडे सांगतात. ते फंक्शन अस्की (इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) नसलेली सगळी अक्षरं टाकून देतं. ‘सुनीता.जेपीजी’ मधलं मराठी नाव जातं, उरलेला टिंबही जातो आणि हातात राहतं नुसतं ‘जेपीजी’. पुढच्या सभासदाचा फोटोही ‘जेपीजी’ याच नावानं येतो आणि पहिल्यावर बसतो. तीनशे सभासदांचा एकच फोटो! म्हणून डिस्कवर यूयूआयडीचं (पुन्हा न येणाऱ्या आयडीचं) नाव द्या, मूळ मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवा, आणि एक्स्टेन्शन परवानगीच्या यादीतलं आहे का ते तपासा. दुसरा खड्डा जेसनचा, म्हणजे माहिती पाठवायच्या मजकुरी स्वरूपाचा. फ्लास्क मुळात प्रत्येक देवनागरी अक्षराऐवजी बॅकस्लॅश-यूनं सुरू होणारा सहा बाइटांचा कोड पाठवतो. यूटीएफ-८ मध्ये तेच अक्षर तीन बाइटांत बसतं. ब्राउझरला दोन्ही समजतं, पण लॉगमध्ये कोणाचं नाव काय ते वाचता येत नाही आणि गावाकडच्या नेटवर दुप्पट ओझं जातं. २.२ आणि पुढच्या आवृत्त्यांत जेसन प्रोव्हायडरचा ‘एन्शुअर अस्की’ फॉल्स करा, झालं.

१,४०० ओळींच्या फाइलचं काय? ती घाईनं फोडू नका. आधी बिलाच्या गणिताला टेस्ट लिहा. फ्लास्कच्या टेस्ट क्लायंटला सर्व्हर लागत नाही, अ‍ॅपला थेट रिक्वेस्ट देता येते. मागच्या महिन्याचं एक खरं बिल घ्या, तेच आकडे टेस्टमधून येतात का पाहा. मग अ‍ॅप बनवण्याचा कोड ‘क्रिएट अ‍ॅप’ अशा एका फंक्शनमध्ये घाला, म्हणजे टेस्टला वेगळा डेटाबेस देता येईल आणि फाइली एकमेकींना इम्पोर्ट करत गोल फिरण्याचं दुखणं टळेल. त्यानंतर ब्लूप्रिंट, म्हणजे पानांचे वेगवेगळे गट: सभासद, संकलन, बिलं, लॉगिन, अशा चार पुरेत. एका वेळी एकच हलवा. हलवल्यावर ‘यूआरएल फॉर’ मधली नावं बदलतात, कारण फंक्शनच्या नावाआधी ब्लूप्रिंटचं नाव लागतं. टेम्प्लेटमधली जुनी लिंक पान उघडेपर्यंत तुटलेली कळत नाही, म्हणून सगळी पानं एकदा उघडणारी टेस्ट आधी असू द्या. टेम्प्लेटही ब्लूप्रिंटच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन ब्लूप्रिंटमध्ये एकाच नावाचं टेम्प्लेट असेल तर फ्लास्क पहिलं सापडेल ते उचलतो.

तुमच्या मित्रांच्या बाजूनंही सांगतो, कारण जांगो मला प्रिय आहे. तो कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. बातमीदारांना माहिती भरायला पानं हवी असायची, तीही तातडीनं, म्हणून त्याच्यात अ‍ॅडमिनची तयार पानं आहेत. उद्या तुम्हाला संघाच्या पातळीवर पंधरा केंद्रं, तपासनीस, लेखापाल, प्रत्येकाला वेगळे अधिकार आणि चाळीस टेबलं अशी नवी यंत्रणा कोऱ्या पाटीवर लिहायला सांगितली, तर मी जांगोच घेईन. तुमच्याकडे आठ टेबलं आणि तीन प्रकारची माणसं आहेत. तिथे फ्लास्क-लॉगिन आणि हातानं लिहिलेली चार पानं पुरतात. फास्टएपीआय हे आणखी एक फ्रेमवर्कही कोणीतरी सुचवेलच. मोबाइल अ‍ॅपला नुसतं जेसन द्यायचं असतं तर विचार केला असता, तुमची तर सगळी पानं एचटीएमएलची आहेत. आणि वेग वाढेल म्हणून फंक्शनांना असिंक लावत बसू नका. फ्लास्क २.० पासून ते चालतं, पण प्रत्येक रिक्वेस्ट एक थ्रेड अडवतेच, त्यानं एका वेळी जास्त रिक्वेस्ट हाताळल्या जात नाहीत.

एका गोष्टीवर कुठलंच फ्रेमवर्क मदत करणार नाही: शेजारच्या गावात नेट गेलं तर? पहाटे रांग लागलेली असताना ‘पान उघडत नाही’ हे उत्तर चालत नाही. तिथलं नेट भरवशाचं नसेल तर प्रत्येक केंद्रावर याच अ‍ॅपची स्वतंत्र प्रत चालवा, नोंदीच्या आयडीत केंद्राचा कोड ठेवा आणि पाळी संपल्यावर नोंदी मुख्य मशीनकडे पाठवा. एसक्यूलाइट आणि फ्लास्क इतके हलके आहेत म्हणूनच हे जुन्या कॉम्प्युटरवरही जमतं.

कोडला हात लावण्याआधी, आज संध्याकाळचं संकलन संपलं की बॅकअप घ्या. चालू अ‍ॅपची फाइल नुसती कॉपी करू नका. वॉल मोड चालू असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि कॉपीत त्या सुटतात. एसक्यूलाइटची बॅकअप कमांड किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ वापरा, प्रत पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि मागच्या दहा दिवसांच्या बिलाची बेरीज जुळते का पाहा. जुळली की पहिलं काम ते ग्लोबल कनेक्शन.